माऊझरच्या डब्यातली एकसष्ट काडतुसे

डबा पत्र्याचा होता. झाकणावर पिवळी पडलेली चिकटपट्टी आणि तिच्यावर शाईने लिहिलेल्या दोन ओळी: वर 'माऊझर', खाली '९ मि.मी.'. आत कापडात गुंडाळलेली पिस्तुलाची एकसष्ट काडतुसे, सगळी सुटी. मूळ पाकीट नाही, क्लिप नाही, पावतीचा कागद नाही.

डबा ज्यांचा, ते गृहस्थ वारले होते. त्यांच्या नावावर एक परवान्याचे पिस्तूल होते, माऊझर सी-९६. गोलसर लाकडी मूठ, घोड्याच्या पुढे मॅगझिनची चौकोनी पेटी, लांब बारीक नळी. एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. पिस्तूल रीतसर जमा झाले होते. हा डबा मात्र नंतर, कपाट आवरताना निघाला. त्यांच्या मुलीने तो उघडला, आतले पाहिले, झाकण लावले आणि परवाना कार्यालयाला कळवले. तिथून तो ओळख पटवण्यासाठी आमच्याकडे आला. कार्यालयाचे प्रश्न तीनच होते: काडतुसे कोणती, किती, आणि त्यांतली या पिस्तुलाची कोणती? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण मुलीला पिस्तूल वारसाहक्काने स्वतःच्या नावावर करून घ्यायचे होते आणि वडिलांची काडतुसे त्याच्याबरोबर ठेवायची होती. नेमबाजीचा परवाना तिच्याकडे होता. म्हणजे आम्ही ज्या काडतुसांपुढे 'होय' लिहू, ती एक दिवस त्या पिस्तुलात भरली जाणार होती.

जुनी काडतुसे समोर आली की बहुतेकांची नजर आधी बुडाकडे जाते. काडतुसाच्या बुडावर, प्राइमरच्या (आघात होताच पेटून दारूला ठिणगी देणाऱ्या मधल्या टिकलीच्या) भोवती, कारखान्याने उठवलेली अक्षरे आणि आकडे असतात. त्याला आम्ही शिक्का म्हणतो. शिक्का वाचायचा मोह मलाही होतो. तरी मी माझ्या सहकारी मुलीला पहिला अर्धा दिवस भिंग हातात घेऊ दिले नाही. आधी माप. शिक्का वाचला की मनात एक नाव बसते, आणि मग व्हर्नियर कॅलिपरवरचा आकडा त्या नावाला जुळवून घ्यायची बुद्धी होते. उलट क्रमाने गेले की ही चूक होत नाही.

मापाआधीचे सोपस्कार थोडक्यात सांगतो. काडतुसे घासायची नाहीत, तारेचा ब्रश लावायचा नाही, तेल किंवा गंज काढणारे द्रव लावायचे नाहीत. तेल प्राइमरच्या कडेने आत शिरते आणि ते काडतूस उडेल की नाही याचा भरवसा संपतो. काडतूस उघडून पाहायचे नाही. पातळ हातमोजे, मऊ कापड, प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाचे दोन फोटो. कामाच्या खोलीत एकही पिस्तूल नाही, म्हणजे 'बसते का बघू' हा विचारच कोणाच्या डोक्यात येत नाही.

मापाने डबा तीन ढिगांत विभागला. अडतीस काडतुसे बाटलीसारख्या मानेची: खाली जाड, वर निमुळती, पुंगळीची (दारू भरायच्या धातूच्या नळकांड्याची) लांबी २५ मिलिमीटरच्या आसपास, गोळी साधारण ७.८ मिलिमीटर. उरलेली तेवीस सरळ पुंगळीची. त्यांतल्या एकोणीस पुंगळ्या १९ मिलिमीटर लांब आणि चार १८ मिलिमीटर.

या चार काडतुसांपाशी थांबायला हवे. एक मिलिमीटर म्हणजे किरकोळ फरक. पण १९ वाल्यांची गोळी ९.०२ मिलिमीटर भरली आणि या चारांची ९.२५. पहिले काडतूस म्हणजे नऊ मिलिमीटर पॅराबेलम, जॉर्ज लुगरच्या पिस्तुलासाठी १९०२ च्या सुमारास बनलेले आणि आज जगात सर्वांत जास्त वापरात असलेले. दुसरे म्हणजे नऊ मिलिमीटर मकारोव्ह, दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने आणलेले. बोलताना दोघांनाही 'नऊ एमएम'च म्हणतात आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. पूर्ण काडतूस शेजारी शेजारी उभे केले तर मकारोव्ह ठेंगणे दिसते, २५ मिलिमीटरला थोडे कमी. पॅराबेलम तीसच्या जवळ जाते. पण एकटे मकारोव्ह तळहातावर ठेवले तर लक्षात येत नाही. ते पॅराबेलमच्या कोठीत, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसण्याच्या जागेत, गेले तर पुंगळी आखूड असल्याने नीट टेकत नाही आणि गोळी मात्र नळीपेक्षा जाड. कधी प्राइमरवर नुसता खड्डा पडतो आणि काडतूस उडत नाही, कधी पुंगळी फाटते. डब्यावरचे '९ मि.मी.' या चारांच्या बाबतीत खोटे नव्हते. पण त्यावर विसंबून कोणी काडतूस उचलावे इतके ते पुरेसेही नव्हते.

आणि या चारांचा शिक्का? वर २७०, खाली ७६. बस. काडतूस कोणत्या जातीचे ते त्यात कुठेच नाही. २७० हा लुहान्स्कच्या कारखान्याचा क्रमांक, शहर तेव्हा वोरोशिलोव्हग्राद म्हणून ओळखले जाई. ७६ म्हणजे १९७६. सोव्हिएत लष्करी काडतुसांवर बहुधा एवढेच असते, कारखाना आणि साल. जात सांगायचे काम पाकिटाचे आणि पेटीचे. पाकीट हरवले की शिक्का गावाचे नाव सांगतो, माणसाचे सांगत नाही. इथे कॅलिपर नसता तर आम्ही आंधळे होतो.

आता अडतिसांचा ढीग. इथे नेमके उलटे होते, आणि या प्रकरणाचा जीव इथेच आहे.

माऊझर सी-९६ या पिस्तुलाचे मूळ काडतूस ७.६३ मिलिमीटर माऊझर, पुंगळी २५ मिलिमीटर, काळ १८९६. हे पिस्तूल पुढे जगभर गेले आणि क्रांतीनंतरच्या सोव्हिएत संघात तर फार मोठ्या संख्येने होते. १९२० च्या दशकात जर्मनीत बनून तिथे गेलेला आखूड नळीचा प्रकार 'बोलो' नावाने ओळखला जातो. ते नाव बोल्शेविकांवरूनच पडले. स्वतःचे पिस्तूल बनवायची वेळ आली तेव्हा सोव्हिएत अभियंत्यांनी हेच परिचयाचे काडतूस घेतले आणि त्यात किरकोळ बदल केले. तोकारेव्हचे टीटी पिस्तूल १९३० चे. त्याचे काडतूस ७.६२ बाय २५ तोकारेव्ह. मापे जवळजवळ तीच. फरक मिलिमीटरच्या शतांशांत, आणि दोन कारखान्यांच्या कामातली ढिलाई तो सहज गिळून टाकते. तोकारेव्ह काडतूस जुन्या माऊझरच्या कोठीत सरकन बसते. पण आतला दारूचा भार सर्वसाधारणपणे जास्त असतो. पुढे हेच काडतूस पपशा-४१ सारख्या सबमशीनगनांनाही पुरवले गेले. जाणकार नेमबाज म्हणूनच तोकारेव्ह काडतूस सी-९६ मध्ये वापरू नका असे बजावतात. त्यात हे पिस्तूल कमीत कमी ऐंशी-नव्वद वर्षांचे, कारण त्याचे उत्पादन १९३० च्या दशकातच संपले.

म्हणजे ज्या अडतीस काडतुसांना चिकटपट्टीवरचे 'माऊझर' लागू पडत होते, ती सगळी त्या पिस्तुलात बसणारी होती आणि मापाने कुठली कोणाची हे ठरणार नव्हते. इथे फक्त शिक्का.

मी सहकारी मुलीच्या हातात दहापटीचे भिंग दिले. दिवा काडतुसाच्या अगदी बाजूला, जवळजवळ आडवा ठेवला. वरून सरळ पडलेल्या उजेडात उथळ शिक्का सपाट दिसतो. तिरक्या उजेडात अक्षराच्या एका कडेला सावली पडते आणि ते उठून दिसते. जिथे झीज जास्त होती तिथे बोटाने थोडी पांढरी पावडर चोळून पुसून घेतली. खोलगट रेघांत पावडर राहते आणि अक्षर खडूने लिहिल्यासारखे उमटते.

पहिल्या चौदा काडतुसांवर तिने वाचले: एन, एन, वाय. खाली साल, १९७० च्या दशकातले. यादीत शोधले, सापडेना. "सर, असा कारखानाच नाही," ती म्हणाली.

तिचे वाचन चुकले नव्हते, लिपी चुकली होती. ही अक्षरे रोमन नाहीत, सिरिलिक आहेत. सिरिलिकमधला 'प' धावत्या वळणाने लिहिला की हुबेहूब रोमन लहान 'एन'सारखा दिसतो, आणि त्यांचा 'उ' रोमन 'वाय'सारखा. म्हणजे 'एन-एन-वाय' हे खरे तर 'प-प-उ'. प्र्वी पार्टिझान, उझित्से; सर्बियातला, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातला कारखाना. १९२८ मध्ये सुरू झालेला. १९४१ च्या शरद ऋतूत उझित्से शहर काही आठवडे पार्टिझनांच्या (नाझींविरुद्ध लढणाऱ्या गनिमी सैनिकांच्या) ताब्यात होते आणि त्या आठवड्यांतही तिथे शस्त्रे आणि काडतुसे बनत होती. 'पहिला पार्टिझन' हे नाव त्याच इतिहासाचे. कोणत्याही परक्या शिक्क्यावर पहिला प्रश्न 'हे काय लिहिले आहे' हा नसतो, 'हे कोणत्या लिपीत लिहिले आहे' हा असतो. अरबी आकड्यांचे शिक्केही असेच फसवतात. तिथे पाच हा नुसता गोल असतो आणि इंग्रजी आकड्यांच्या सवयीने तो शून्य वाचला जातो.

आता चौदांची गाठ युगोस्लाव्हियाशी बसली, म्हणजे तोकारेव्हशी बसली. त्या देशाचे एम-५७ पिस्तूल तोकारेव्हच्याच वंशातले. मी पुढे सरकणार होतो, तेवढ्यात तिने दोन काडतुसे बाजूला काढली. शिक्का तोच, साल तेच. पण बाकी बारांच्या गोळीवर तांबूस धातूचे आवरण होते आणि या दोघांची गोळी उघड्या शिशाची, राखाडी. बाकी बारांच्या प्राइमरभोवती रंगीत लाखेची बारीक कड होती, या दोघांना नव्हती. पुंगळीच्या अंगावर उभे बारीक ओरखडे आणि बुडाच्या कडेला छोटासा दबलेला ठसा, जिथे पिस्तुलाच्या एक्स्ट्रॅक्टरने एकदा पकडून बाहेर ओढले असावे. म्हणजे या पुंगळ्या एकदा उडालेल्या होत्या, आणि कोणीतरी त्या घरी पुन्हा भरल्या होत्या.

शिक्का पुंगळीचा असतो. आतली दारू कोणाची, किती, गोळी कोणी बसवली, हे तो सांगू शकत नाही. उझित्सेच्या कारखान्याने पुंगळी बनवली हे खरे, पण हे काडतूस त्या कारखान्याचे राहिले नव्हते. वजन केले तर बारांतली बहुतेक एकमेकांच्या जवळ होती आणि ही दोन एकमेकांशीही जुळत नव्हती. अहवालात त्यांना वेगळा क्रमांक दिला: पुन्हा भरलेली, भार अज्ञात, वापरू नयेत. माझ्या हातून ही दोन सुटली असती. हे मी तिला तेव्हाच सांगितले.

उरलेल्या चोवीसांत आठांवर वर १० आणि खाली ५२. आकड्यांच्या जोडीत नेहमीचा प्रश्न: यातले साल कोणते आणि कारखाना कोणता? शिवाय बूड गोल असते, त्याला वर आणि खाली नसतेच. आपण काडतूस ज्या बाजूने धरले ती बाजू वरची, एवढेच. इथे उत्तर तर्काने मिळते. तोकारेव्ह काडतूस १९१० मध्ये अस्तित्वातच नव्हते. समजा हे माऊझर काडतूस असले, तर १९१० चे माऊझर काडतूस असे नुसते दोन आकडे लावून विकणारा कारखाना मला माहीत नाही. त्या काळचे जर्मन कारखाने आपले नाव मोठ्या अभिमानाने लिहीत. म्हणून ५२ हे साल, १९५२, आणि १० हा कारखाना: बल्गेरियातला कझानलाक. 'तोकारेव्ह' एवढे लिहायला हे पुरे.

सहांवर ३८ आणि ४४. हा सापळा जास्त खोल होता, कारण दोन्ही आकडे साल म्हणून शोभतात. १९३८ मध्ये तोकारेव्ह काडतूस होते, १९४४ मध्येही होते. इथे तर्क पुरत नाही, माहिती लागते: ३८ हा उरल भागातल्या युर्युझानच्या कारखान्याचा क्रमांक आहे आणि युद्धाच्या वर्षांत तिथून पिस्तुलाची काडतुसे प्रचंड प्रमाणावर बाहेर पडली. ४४ म्हणजे १९४४. लोहचुंबक पुंगळीला चिकटला. आत पोलाद, वर तांब्याचा पातळ थर. युद्धकाळात तांबे वाचवण्याची ही पद्धत, आणि ती सालाशी जुळते. एकटा शिक्का मी मानत नाही. धातू, लाख, गोळीचा आकार यांतल्या निदान एकाने तरी त्याला दुजोरा द्यायला हवा.

लोहचुंबकाविषयी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण इथे फार जण घसरतात. चुंबक गोळीला चिकटला की 'पोलादी गाभ्याची गोळी' असे लिहून मोकळे होतात. पूर्व युरोपातल्या अनेक गोळ्यांचे वरचे आवरणच पोलादाचे असते, त्यावर तांब्याचा मुलामा, आणि आत साधे शिसे. चुंबक आवरणाला चिकटतो. गाभा कशाचा ते काडतूस न उघडता बाहेरून चुंबकाने ठरत नाही. अहवालात आम्ही लिहितो ते एवढेच: गोळी चुंबकाला आकर्षित होते.

आणि आकड्यांच्या यादीविषयीही. यादीत क्रमांक सापडला म्हणजे काम झाले असे नसते. २१ हा क्रमांक पोलंडने वापरला आणि हंगेरीनेही. पोलिश काडतुसांवर तो बहुधा लंबगोलात असतो. भोवतालची रेघ पाहिली नाही, फक्त आकडा पाहिला, की देश बदलतो.

पुढच्या सातांवर तीन रोमन अक्षरे, बी-एक्स-एन, आणि १९५० च्या दशकाची वर्षे. हे चेकोस्लोव्हाकियातले सेलिए अँड बेलो, व्लाशिमचा कारखाना. १८२५ मध्ये प्राग इथे सुरू झालेली ही कंपनी १९३६ मध्ये व्लाशिमला गेली. तोकारेव्हच. पण मला या सातांपेक्षा सरळ पुंगळीच्या ढिगातल्या नऊ काडतुसांनी जास्त थांबवले. त्यांच्यावर चार ठिकाणी मजकूर होता: ए-के ही दोन अक्षरे, मग एस-टी आणि पुढे अधिकचिन्ह, मग एक छोटा आकडा, मग ४३. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवत वाचायचे: कारखाना, पुंगळीचा धातू, खेपेचा क्रमांक, साल. एस-टी म्हणजे जर्मनमधले श्टाल, पोलाद. पुंगळी चुंबकाला चिकटली, गोळी काळी. काळा रंग म्हणजे गाभ्यात शिशाऐवजी लोखंड, युद्धातली आणखी एक काटकसर. आणि ए-के? जर्मन सैन्याने १९४० च्या सुमारास कारखान्यांची नावे लपवण्यासाठी अक्षरांचे संकेत आणले, शत्रूला कुठे बॉम्ब टाकायचे ते कळू नये म्हणून. ए-के हा संकेत व्लाशिमचा. म्हणजे १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातला जो कारखाना ए-के होता, तोच युद्धानंतर बी-एक्स-एन झाला. दोन्ही ढिगांत एकाच गावची काडतुसे होती, दोन राजवटींच्या शिक्क्यांखाली. सहकारी मुलीने दोन्ही काडतुसे शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला. अहवालात त्याची गरज नव्हती, पण मी तो काढू दिला.

सरळ ढिगातली पाच ब्रिटिश होती: आर-जी, साल, आणि '९ एमएम २झेड'. आर-जी म्हणजे चेशायरमधला रॅडवे ग्रीन कारखाना. २ हा नमुन्याचा क्रमांक. झेड म्हणजे आतली दारू कॉर्डाइट नसून नायट्रोसेल्युलोज. ब्रिटिशांनी जात, नमुना, दारू सगळेच शिक्क्यात लिहिले. लुहान्स्कच्या चारांनी आणि या पाचांनी मिळून सहकारी मुलीला एका दुपारी जेवढे शिकवले, तेवढे मला शिकायला पुष्कळ वर्षे लागली होती.

त्याच सरळ ढिगातल्या आणखी चार काडतुसांची बुडे गंजाने खाल्ली होती. पावडर, तिरका उजेड, काही उपयोग झाला नाही. ती घासून शिक्का वर काढता आला असता कदाचित. पण गंजलेल्या जिवंत काडतुसाचे बूड घासणे म्हणजे प्राइमरच्या भोवती घर्षण करणे, आणि मिळणार काय, तर एका नष्ट करायच्या काडतुसाचे जन्मगाव. सोडून दिली.

आता अडतिसांतली उरलेली तीन. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण पहिल्या नजरेलाच ती वेगळी वाटली होती. पितळ गडद, जवळजवळ मधाच्या रंगाचे. अक्षरे लहान, नीट, खोल. डी-डब्ल्यू-एम, के, आणि ४०३.

तिने ४०३ पाहून विचारले, "हा खेपेचा क्रमांक?"

नाही. साल तर नाहीच. डी-डब्ल्यू-एम म्हणजे डॉइचे वाफेन उंड मुनिशन्सफाब्रिकेन, १८९६ मध्ये उभी राहिलेली कंपनी. के म्हणजे कार्ल्सरुहे, तिचा काडतुसांचा कारखाना. आणि या कंपनीची एक सवय होती, तिने बनवलेल्या प्रत्येक जातीच्या पुंगळीला एक क्रमांक दिलेला असे. ४०३ हा ७.६३ माऊझरचा क्रमांक. नऊ मिलिमीटर पॅराबेलमचा ४८०. दुसऱ्या कोणत्या शिक्क्यावर शेकड्यातला आकडा कारखाना सांगतो. इथे तोच आकडा जात सांगतो. संपूर्ण डब्यात फक्त या तीन काडतुसांनी आपण कोणासाठी बनलो ते स्वतःच्या तोंडाने सांगितले होते: त्या माऊझर पिस्तुलासाठी.

चिकटपट्टीवर 'माऊझर' कोणी लिहिले असेल आणि का, हे आता कळणार नाही. माझा अंदाज असा की डबा आधी या तीनांचा होता, किंवा यांच्यासारख्या आणखी काहींचा, आणि वर्षे जात गेली तशी 'हीपण तीच दिसतात' म्हणून बाकीची आत येत गेली. हा अंदाज अहवालात घातला नाही.

अहवालात काय गेले ते सांगतो. अडतिसांतल्या तेहतीस काडतुसांपुढे: ७.६२ बाय २५ तोकारेव्ह, या पिस्तुलात बसतात, या पिस्तुलासाठी नाहीत. 'बसतात' हा शब्द मी आग्रहाने ठेवला. कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याला तो खटकला. बसतात असे लिहिले तर कोणी वापरेल, असे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे उलट होते. जी काडतुसे बसतच नाहीत ती धोकादायक नाहीत, घोडा ओढायची वेळच येत नाही. बसणारीच सांगायला हवीत. शब्द राहिला.

दोनांपुढे: पुन्हा भरलेली. तेवीस सरळ काडतुसांपुढे त्यांची जात, आणि या पिस्तुलाशी संबंध नाही. काही सी-९६ पिस्तुले पहिल्या महायुद्धात नऊ मिलिमीटर पॅराबेलमसाठीही बनली होती, त्यांच्या मुठीवर मोठा लाल नऊ कोरलेला असतो, त्यामुळे हा संबंध तपासावा लागला. या पिस्तुलाच्या मुठीवर नऊ नव्हता आणि नळीचे मापही ७.६३ चेच होते. पिस्तूल ज्यांच्या ताब्यात होते त्यांच्याकडून ते लेखी मागवून घेतले.

साल आणि देश पाहता यातल्या बऱ्याचशा लष्करी काडतुसांचे प्राइमर क्षारयुक्त असण्याची दाट शक्यता. असे प्राइमर पोटॅशियम क्लोरेटचे असतात; उडाल्यावर नळीत मिठासारखा क्षार राहतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि नळी गंजते. नुसत्या तेलाने तो जात नाही, पाण्यानेच विरघळतो. कोणी ही काडतुसे उडवणार नव्हते, पण कार्यालयाने पिस्तुलाच्या नळीची अवस्था विचारली होती आणि तिथे गंजाचे ठिपके होते. मयत गृहस्थांनी आयुष्यात कधीतरी या डब्यातले काही वापरले असावे, याचा तेवढाच पुरावा.

त्या गृहस्थांच्या मुलीला अहवाल समजावून सांगताना मी त्या तीन काडतुसांपाशी आलो. ती माऊझरची आहेत, पण वापरू नका, असे सांगितले. एकाच्या मानेला उभी बारीक भेग होती. जुने पितळ ताणाखाली वर्षानुवर्षे राहिले की असे फाटते. उरलेली दोन बाहेरून नीट दिसत होती, पण त्यांची दारू इतकी जुनी की तिच्याबद्दल मी शब्द देऊ शकत नव्हतो. ती थोडी गप्प राहिली. मग विचारले, "काका, मग बाबांची म्हणून एकही नाही का ठेवता येणार?"

कायद्याचे उत्तर कार्यालयाने दिले: दोन काडतुसे अधिकृत व्यक्तीकडून निकामी करून, दारू आणि प्राइमर काढून, रिकाम्या पुंगळ्या आणि गोळ्या तिला परत मिळाल्या. ४०३ चा शिक्का त्यावर शाबूत आहे. बाकी सगळी नष्ट करण्यासाठी गेली.

बाकी सगळी म्हणताना एकाविषयी सांगायचे राहिले. सरळ पुंगळीच्या ढिगातले ते नऊ मिलिमीटर पॅराबेलम होते. पितळी, स्वच्छ, गंज नाही, भेग नाही. प्राइमरभोवती लाखेची कड, गोळीवर आवरण, माप अचूक. बूड गुळगुळीत. एक अक्षर नाही, आकडा नाही, ठिपका नाही. घासून काढल्याची खूणही नाही. शिक्का तिथे कधी नव्हताच. काही देशांनी गुप्तपणे पुरवायची काडतुसे मुद्दाम अशी कोरी बनवली, कोणी दिली ते कळू नये म्हणून. हे त्यांतले आहे असे मी म्हणू शकत नाही, आणि नाही असेही नाही. त्याला शेवटचा क्रमांक दिला, एकसष्ट. जात: नऊ बाय एकोणीस. कारखाना, देश आणि साल या तिन्ही रकान्यांत सहकारी मुलीने पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली होती. मी ती शाईने गडद केली आणि खाली सही केली.